गुऱ्हाळाची फिल्म : एडिटिंग शिकतानाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

विषय फायनल झाला. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला पाच मिनिटांचा माहितीपट करून द्यायचाय, शूट आणि एडिट दोन्ही आपणच करायचं, जोडीने काम. शूटिंग मैत्रिणीकडे जास्त आणि एडिट सगळं माझ्याकडे. आम्ही गुऱ्हाळ घेतलंय. वर्गात एकजण म्हणाला की कोल्हापुरात राहून गुऱ्हाळावर फिल्म तर सगळेच करतात, हो करतात, मी बऱ्याच बघितल्यात, पण त्यातल्या बहुतेकांत वरून ड्रोन फिरतो, मागे गाणं वाजतं आणि गूळ नेमका होतो कसा ते शेवटपर्यंत कळत नाही. काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, रस ओतला की पुढच्या शॉटला गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तयार. मधले अडीच-तीन तास गेले कुठे? मला तेच मधलं दाखवायचंय. एडिटिंग शिकायचं ते त्याच्यासाठी.

एक हिशेब वहीत केला आणि तो फार आवडला मला. काहील साधारण अडीच तास आटते असं धरलं तर ९००० सेकंद होतात. आणि आपली फिल्म पाच मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ९००० फ्रेम. एका सेकंदाच्या वाटणीला एक फ्रेम! अर्थात तसं समान वाटप करायचं नाहीये, काही मिनिटं पूर्ण गाळायची आणि काही क्षणांना भरपूर जागा द्यायची. कुणाला किती द्यायची हेच एडिटिंग असावं असं आत्ता तरी वाटतंय.

५ जानेवारी

सॉफ्टवेअर ठरवण्यात सकाळ गेली. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन खूप ताकदीचं आहे, रंगाच्या कामासाठी तर त्याचं नाव आहेच, पण ते या मशीनवर उघडायलाच दम लागतो. शेवटी केडेनलाइव्ह घेतलं. ओपन सोर्स आहे, पूर्ण फुकट, वॉटरमार्क येत नाही आणि जुन्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी चालतं. शॉटकट पण बघितलं, ते अजून हलकं आहे आणि प्रॉक्सीची (काम करताना वापरायच्या हलक्या कॉप्यांची) सोय दोन्हीत आहे, पण मला केडेनलाइव्ह जास्त सोयीचं वाटलं.

नवीन शिकणाऱ्यांनी सगळ्यात आधी समजून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे टाइमलाइनवर क्लिप कापली तरी मूळ फाईलला काहीही होत नाही. प्रोजेक्ट फाईलमध्ये फक्त लिहिलेलं असतं की अमुक फोल्डरमधली अमुक फाईल, इथपासून इथपर्यंत, या जागी वाजव. त्यामुळे बिनधास्त कापता येतं, परत ओढून लांब करता येतं. पण याचमुळे फाईल दुसऱ्या फोल्डरला हलवली किंवा तिचं नाव बदललं की प्रोजेक्ट उघडताना क्लिप सापडत नाही म्हणून ओरडतो. म्हणून फोल्डर आजच करून ठेवले, शूटच्या आधी: ०१ व्हिडिओ, ०२ आवाज, ०३ फोटो, ०४ टायटल, ०५ प्रोजेक्ट, ०६ एक्सपोर्ट. आता हे हलवायचे नाहीत.

११ जानेवारी, शनिवार

शूट झालं! पन्हाळ्याच्या बाजूला मैत्रिणीच्या मामांचं गुऱ्हाळ आहे, मामा स्वतः गुळव्या, म्हणजे गूळ करणारे. पहाटे पाचला पोचलो तेव्हा पहिली काहील चढायची होती.

काय काय मिळालं ते लिहून ठेवते, म्हणजे लॉगिंगला सोपं जाईल. घाण्यात ऊस घालताना, रस हौदात पडताना, तिथून काहिलीत. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवलेली, ते चिकट पाणी रसात घातलं की घाण वर येते, ती मळी मोठ्या झाऱ्याने काढतात. चुन्याची निवळी. चुलवणात वाळलेली चिपाडं ढकलणारे काका, त्यांचा जाळ एकदाही कमी झाला नाही. मग आटत आटत रसाचा रंग बदलतो, फेस वर येतो, परत बसतो. शेवटी मामा थोडा पाक थंड पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी करून बघतात. त्यावेळी पाक साधारण ११८ अंशाला असतो, पण तिथं थर्मामीटर कोण लावतंय, मामांची बोटंच. गोळी जमली की सगळे धावतात, काहील उतरवून वाफ्यात, म्हणजे थंड करायच्या उथळ हौदात, ओततात, घोटतात आणि मग रव्यांच्या साच्यांत भरतात.

मामांनी एक गोष्ट सांगितली ती मी लगेच फोनवर रेकॉर्ड करून घेतली. म्हणाले, "पोरी, नुसतं बघून न्हाय कळत. रस आधी पाण्यासारखा उकळतोय, मग त्याचा आवाज जड हुतोय. जड झाला की गुळव्यानं जागा सोडायची न्हाय." मी कान देऊन ऐकलं तर खरंच, सुरुवातीचा आवाज खळखळ असा आणि शेवटी शेवटी थप, थप, मधे थोडी गॅप, परत थप. मैत्रीण कॅमेरा लावत होती, मी दुसरा फोन काहिलीच्या कडेला, वाफ लागणार नाही इतक्या अंतरावर धरून प्रत्येक टप्प्याचा एकेक मिनिट नुसता आवाज घेतला. जागेचा रिकामा आवाज पण घेतला, कुणी बोलत नसताना, हे सरांनी बजावून सांगितलं होतं.

टाइमलॅप्ससाठी मैत्रिणीने जुना फोन खांबाला बांधला, दर ५ सेकंदाला एक फोटो.

लाइटचं सांगायचं तर शेडमध्ये ट्यूबलाइट आहे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे लाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोनचं शटर त्याच्याशी जुळलं नाही की चित्रात पट्टे फिरतात. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० ला लॉक केलं, पट्टे गेले.

१२ जानेवारी

दिवसभर कॉपी आणि बॅकअप. एक कॉपी लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर, एक मैत्रिणीकडे. सगळ्या कॉप्या एकाच घरात नकोत एवढंच बघितलं.

मग एक अडचण आली, ती फोनवर शूट करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येणार म्हणून नीट लिहिते. मामांची मुलाखत सात मिनिटांची, सलग. कॉलर माइकचा आवाज वेगळ्या फोनवर. सुरुवातीला टाळी वाजवून घेतली होती, टाळीला टाळी जुळवली, पहिल्या मिनिटाला ओठ आणि शब्द बरोबर, पाचव्या मिनिटाला शब्द पुढे आणि ओठ मागे. कारण फोन सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की तो गुपचूप कमी फ्रेम घेतो, परत वाढवतो, याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअरला मात्र ठराविक वेग हवा असतो, त्यामुळे आवाज हळूहळू सरकत जातो. उपाय सोपा आहे, हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात क्लिप टाकायची, कॉन्स्टंट फ्रेमरेट, ३०, आणि क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास ठेवायचा (इथे आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त, उलटं वाटतं पण तसंच आहे). रात्रभर सगळ्या क्लिप लावून ठेवल्या. केडेनलाइव्ह पण अशी क्लिप घेतली की स्वतःहून विचारतं बदलून देऊ का म्हणून, तेही चालतं, पण त्याच्या फाईली मोठ्या होतात आणि माझ्याकडे डिस्कला जागा कमी.

१४ जानेवारी

संक्रांत. मामांकडून आलेल्या गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. सगळ्या क्लिप बदलून झाल्या, मुलाखत शेवटपर्यंत जुळली. केडेनलाइव्हमध्ये एका क्लिपला ऑडिओ रेफरन्स करायचं आणि दुसरीला त्याच्याशी अलाइन कर म्हणायचं, ते आवाजाच्या लाटा बघून स्वतः जुळवतं. टाळी घेतलेली असली की लगेच सापडतं.

१८ जानेवारी, शनिवार

आज एकही कट मारला नाही. नुसतं बघितलं, सगळं फूटेज, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वही घेऊन. क्लिपचं नाव, काय आहे, कितव्या सेकंदाला चांगलं आहे, आणि आवाज वापरण्यासारखा आहे का. हे काम फार सावकाश होतं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं हेच. युट्युबवरचे शिकवणारे व्हिडिओ थेट ट्रान्झिशनपासून सुरू करतात, झूम, व्हीप, ग्लिच, आणि फूटेज बघायला कुणीच सांगत नाही. मला तीन तासांच्या मालातला हात, जाळ, वाफ इतकं पाठ झालं की डोळे मिटले तरी कुठल्या क्लिपमध्ये मामा डावीकडे वळतात ते सांगता येईल.

मग मुलाखत कागदावर उतरवली आणि वाक्यांवर रंगीत पेनाने खुणा केल्या. हिरवं म्हणजे ठेवायचं. मामा ऊस कुठला चांगला ते सांगतात, एक टन उसातून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो ते सांगतात, दराचं सांगतात, पोरं आता गुऱ्हाळावर यायला तयार नाहीत ते सांगतात. सगळं चांगलंय पण पाच मिनिटात सगळं बसत नाही. दराचं काढलं. तो वेगळ्या फिल्मचा विषय आहे, अर्ध्या मिनिटात उरकला तर मामांवरच अन्याय.

१९ जानेवारी

असेंब्ली. प्रोजेक्ट प्रोफाइल आधी सेट केलं, १०८० पी, ३० फ्रेम. मग प्रॉक्सी चालू केल्या, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक छोटी हलकी कॉपी करतं आणि काम करताना ती दाखवतं, रेंडरला, म्हणजे शेवटची फिल्म बनवून काढताना, मात्र मूळ फाईल घेतं. याच्याशिवाय माझ्या लॅपटॉपवर प्लेबॅक अडकत अडकत चालायचा, आता पाण्यासारखा चालतो.

कीबोर्ड शिकले, माउस जवळजवळ सुटला. जे मागे, के थांब, एल पुढे, एल दोनदा दाबला की दुप्पट वेग. आय म्हणजे इथून, ओ म्हणजे इथपर्यंत, व्ही दाबला की तेवढा तुकडा टाइमलाइनमध्ये घुसतो आणि पुढचं सगळं सरकवतो. बी दाबला तर सरकवत नाही, जे आहे त्याच्यावर बसतो. एक्स म्हणजे कात्री, एस परत सिलेक्शन, एम ने पुढच्या सगळ्या क्लिप एकत्र सरकवता येतात. डावा हात कीबोर्डवर ठेवायचा आणि उजवा माउसवर, एवढी सवय झाली की वेग आपोआप येतो.

पहिली असेंब्ली साडेचौदा मिनिटांची झाली. ठीक आहे, असेंब्ली लांबच असते. नुसतं क्रमाने मांडलंय, घाण्यापासून रव्यापर्यंत.

२२ जानेवारी

कट कुठे करायचा? कॉलेज सुटल्यावर मैत्रिणीच्या चुलतभावाच्या स्टुडिओत गेले, दादा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, दहा-बारा वर्षं करतोय. त्याने मळी काढायचा सीन बघितला, काहीच बोलला नाही, स्पेसबार दाबला, परत बघितला आणि म्हणाला, "हात निघाला की काप. हात पोचल्यावर नको." म्हणजे मामा झारा उचलतात तो लांबचा शॉट, झारा फेसाकडे जात असताना मधेच कट, आणि पुढच्या जवळच्या शॉटमध्ये तोच झारा फेसात बुडतो. हालचाल पहिल्या शॉटमध्ये सुरू आणि दुसऱ्यात पूर्ण, त्यामुळे डोळा हालचालीच्या मागे जातो आणि कट दिसतच नाही. घरी येऊन करून बघितलं, पाच-सहा फ्रेम इकडे तिकडे करत, आणि जेव्हा बसला तेव्हा खरंच तिथं कट आहे हे मला स्वतःला शोधावं लागलं. फार भारी वाटलं.

दादाला ट्रान्झिशनबद्दल विचारलं तर म्हणाला लग्नात लोक मागतात म्हणून घालतो, पण सप्तपदीच्या सीनला तो आजही साधाच कट मारतो.

सरांनी वर्गात हॉलिवूडचा एडिटर वॉल्टर मर्चची यादी सांगितली होती, कट करताना कशाला किती महत्त्व द्यायचं त्याची. भावनेला ५१ टक्के, मग गोष्ट पुढे जाते का त्याला २३, लयीला १०, आणि बाकी सगळं, म्हणजे नजर कुठे आहे, जागा जुळते का, ते त्याच्या खाली. मी ती यादी आमच्या फिल्मला लावून बघत बसले. इथे भावना म्हणजे रडणं-हसणं नाही, इथे भावना म्हणजे ती धाकधूक, पाक आला का नाही आला. आणि ती धाकधूक आवाजात आहे.

२५ जानेवारी, शनिवार

म्हणून आज चित्र बंद करून आवाज एडिट केला. शब्दशः, व्हिडिओचे ट्रॅक लपवले आणि काहिलीच्या आवाजाचे टप्पे एकामागे एक लावले. खळखळ, मग फेसाचा फसफस, मग जाळाचा घरघराट वर येतो, मग जड थप थप. पाच मिनिटांची एक ऐकायची फिल्म तयार झाली. आणि मग चित्रं त्याच्यावर बसवली. सगळं बदललं! जिथे आवाज घाई करतो तिथे शॉट आपोआप छोटे झाले, दोन-दोन सेकंदांचे, आणि जिथे तो जड होतो तिथे कापावंसंच वाटेना. साडेचौदा मिनिटांची असेंब्ली आज संध्याकाळी सव्वासहावर आली आणि कुठेही घाईघाईत उरकल्यासारखं वाटत नाही.

जे कट आणि एल कट पण आजच नीट कळले. जे कटमध्ये पुढच्या शॉटचा आवाज आधी येतो आणि चित्र नंतर, एल कटमध्ये चित्र बदलतं पण मागचा आवाज चालूच राहतो. केडेनलाइव्हमध्ये क्लिपचा आवाज आणि चित्र जोडलेले असतात, कंट्रोल-शिफ्ट-जी ने सोडवले की वेगवेगळे ओढता येतात. मामा मुलाखतीत "जड झाला की" म्हणतात, त्या "की" च्या खालीच काहिलीचा थप सुरू होतो, आणि अर्ध्या सेकंदाने काहील दिसते. कान आधी पोचतो, डोळा मागून. माझ्यासाठी तरी या सगळ्या शिकण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही आहे.

साफसफाई ऑडॅसिटीत केली. घाण्याच्या मोटरची घरघर मुलाखतीत होती, तिथे रिकाम्या आवाजाचा तुकडा उपयोगी आला. तो सिलेक्ट करून त्याचा नॉइज प्रोफाइल घ्यायचा, मग पूर्ण मुलाखत सिलेक्ट करून थोडीशीच कमी करायची. जास्त ओढलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, माणसाच्या बोलण्यात तिथे फारसं काही नसतं, नुसती घरघर असते. बोलण्याचे सगळ्यात मोठे आवाज मीटरवर उणे सहा डेसिबलच्या आत ठेवले, शून्याला एकदाही टेकू दिला नाही, कारण शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो परत जोडता येत नाही.

संगीत घालायचं नाही असं आज दोघींनी ठरवलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि दुपारभर एका चेहऱ्यावर वाद.

मामांचा एक क्लोजअप आहे, फार सुंदर, डोळे बारीक करून कुठेतरी बघतायत. मैत्रीण म्हणते गोळीच्या सीनला हाच लाव. पण तो शॉट चहाच्या वेळचा आहे, ते बाहेर उसाच्या गाडीकडे बघत होते. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोवने नेमकं हेच करून दाखवलं होतं, मोझ्झुखिन नावाच्या नटाचा तोच एक निर्विकार चेहरा, एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका बाईशेजारी, आणि बघणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, दुःख, ओढ असं वेगवेगळं दिसलं. म्हणजे चालेल. प्रेक्षकाला कळणारच नाही. पण आम्ही माहितीपट करतोय, आणि पाक आला की नाही हे बघतानाचा गुळव्याचा चेहरा म्हणून दुसराच चेहरा दाखवणं मला पटत नाही. त्याच काहिलीच्या वेळचा शॉट आहे आमच्याकडे, थोडा हललेला, वाफेमुळे पुसट. तो लावला. मैत्रीण आधी नाराज होती, मग तिने स्वतःच तीनचारदा प्ले केला आणि म्हणाली राहू दे, यात वाफ खरी आहे.

३० जानेवारी

टाइमलॅप्स. अडीच तास, दर ५ सेकंदाला एक, असे १८०० फोटो. केडेनलाइव्हमध्ये इमेज सिक्वेन्स म्हणून एकदम घेता येतात. ३० च्या वेगाने ६० सेकंद झाले, ते पाचपट वेगाने १२ सेकंद केले. काहिलीतली पातळी हळूहळू खाली जाते आणि वरच्या कडेला आटल्याच्या रेघा उमटत जातात, एकावर एक. ते फक्त टाइमलॅप्समध्येच दिसतं, तिथे अडीच तास उभं राहून आम्हाला दिसलं नव्हतं.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, पहिला मोठा चित्रपट करायच्या आधी, हेच केलं होतं की. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एक फ्रेम, असं महिनाभर. पैसे देणाऱ्यांना दाखवायला. आणि सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंत सगळं शिकल्या होत्या. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बनवला, प्रभात फिल्म कंपनी पण इथेच १९२९ ला सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, तिच्याच जागेवर आज एफटीआयआय ही फिल्म शिकवणारी संस्था आहे. त्यांना प्रत्येक कट म्हणजे खरंच कात्रीने फिल्म कापून परत चिकटवायची. आम्हाला कंट्रोल-झेड आहे. त्या लोकांबद्दल मनात जो आदर आहे तो या महिन्यात दुप्पट झाला.

तर टाइमलॅप्स कुठे लावायचा हा प्रश्न होता. तो मधे आहे आता, मळी काढून झाल्यावर, आणि त्याच्याखाली आवाज मात्र खऱ्या वेगाचाच ठेवलाय, जाळाचा. चित्र पळतं, आवाज पळत नाही. वेळ गेलाय हे कळतं आणि जागेवरून आपण हललोही नाही असं वाटतं.

२ फेब्रुवारी

रंग. थोडक्यात लिहिते कारण काम थोडंच केलं. पहाटेचे शॉट निळे, ट्यूबखालचे हिरवट, चुलवणाजवळचे केशरी. सगळे सारखे करायचा मोह होतो पण जाळ केशरीच दिसला पाहिजे, तो पांढरा केला तर मग काय उरलं. फक्त हिरवट छटा काढली, पांढरं धोतर पांढरं दिसेल इतपत. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, स्कोप, म्हणजे रंगांचे आलेख, उघडून बघायचं, आरजीबी परेडमध्ये तिन्ही रंगांच्या उंच्या पांढऱ्या वस्तूवर सारख्या आल्या की झालं. काहिलीतल्या पाकाचा रंग मात्र कुठल्याही शॉटमध्ये हलवला नाही, पहिला हिरवट राखाडी, मग पिवळा, मग सोनेरी, हा क्रम हीच तर माहिती आहे.

५ फेब्रुवारी

टायटल आणि सबटायटल. मराठी अक्षरांचा त्रास बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये होतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. प्रीमियरमध्ये त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाईवर करावं लागतं असं दादाने दाखवलं. केडेनलाइव्हमध्ये "गुऱ्हाळ" मधला ऱ्ह पहिल्याच फटक्यात नीट आला, मी लगेच मैत्रिणीला फोटो पाठवला. फाँट 'मुक्त' (Mukta) नावाचा घेतला, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला, फुकट आहे आणि लहान आकारातही मात्रा स्पष्ट राहतात.

मामांचं बोलणं कोल्हापुरी, परीक्षक बाहेरचे असू शकतात म्हणून इंग्रजी सबटायटल हवेत, पण मराठी सबटायटल मी मामांच्याच बोलीत लिहिले. "हुतोय" चं "होतोय" केलं नाही. दोन ओळींपेक्षा जास्त नाही, वाक्य मधेच तोडायचं तर श्वास घेतात तिथे, आणि कट ओलांडून सबटायटल शक्यतो जाऊ द्यायचं नाही. फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली, नाहीतर दुसऱ्या मशीनवर नुसते चौकोन दिसतात.

सुरुवातीला एका ओळीची पाटी टाकली: शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. एवढंच. जीआय टॅगचं (ठरावीक भागातल्या मालाला मिळणारं मानांकन) वगैरे पण लिहून बघितलं होतं, काढून टाकलं, लोक वाचत बसतात आणि घाणा सुरू झालेला बघत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात रफ कट दाखवला, पाच मिनिटं चाळीस सेकंद. मी स्क्रीनकडे बघतच नव्हते, मुलांकडे बघत होते. कोण कुठे फोन काढतं ते वहीत टिपलं. दोन मिनिटं दहा सेकंदाला, रस हौदातून काहिलीत जातो तिथे, बरेच जण हलले. तो भाग लांबलाय. आणि गोळीच्या सीनला कुणीच हललं नाही. सरांनी एकच सांगितलं, व्हॉइसओव्हर तिथं थांबव जिथं चित्र तेच सांगतंय. हौदाचा भाग अर्धा केला, व्हॉइसओव्हरची चार वाक्यं काढली. पाच मिनिटं सात सेकंद.

९ फेब्रुवारी

लॅपटॉप घेऊन गुऱ्हाळावर गेलो. मामा, मामी, जाळ घालणारे काका आणि आणखी दोघंतिघं, दुपारच्या जेवणानंतर शेडमध्येच बसून बघितलं. मामी स्वतःला बघून लाजल्या. काका म्हणाले जाळाचा आवाज बरोबर घेतलायस.

मामा गप्प. मग म्हणाले परत लाव. परत लावलं. मग म्हणाले, "समदं बरोबर हाय बाळ, पण ती गोळी बघ. म्या बोटात धरली, आन तू लगेच पुढं गेलीस. गोळी मऊ हाय का कडक, ते बोटाला कळस्तवर दम धरावा लागतोय. तेवढा दम तू पण धर की."

मी विचारलं, "मामा, किती वेळ?"

त्यांनी रिकाम्याच हवेत अंगठा आणि दोन बोटं फिरवली, तिकडेच बघत, आणि म्हणाले, "एवढा."

मी फोनवर मोजलं, पावणेचार सेकंद. टाइमलाइनवर तो शॉट दीड सेकंदाचा होता. मूळ क्लिपमध्ये बघितलं तर तिथेही ते जवळजवळ तेवढाच वेळ फिरवतात.

१० फेब्रुवारी

शॉट पावणेचार सेकंदाचा केला. सेकंदात बघितलं तर फरक दोन सव्वादोन सेकंदांचा, पण सीन आता वेगळाच आहे. आधी गोळी म्हणजे एक माहिती होती, आता बघताना आपल्यालाच वाटतं झाली का, झाली का. त्याच्या खालचा व्हॉइसओव्हर पण काढला, फक्त थप थप ठेवला, आणि मामांची मान हलली की धावाधाव सुरू. तेवढे सेकंद भरून काढायला ड्रोनसारखा दिसणारा एकुलता एक वरचा शॉट, गच्चीवरून घेतलेला, उडवला. शेवटच्या रव्यांच्या सीनमधून पण थोडं घेतलं.

आता बरोबर पाच मिनिटं.

१२ फेब्रुवारी

एक्सपोर्ट. एमपी४, एच.२६४, १०८० पी, ३० फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. रेंडरच्या खिडकीत प्रॉक्सी वापरून रेंडर करायचा पर्याय बंद आहे ना ते बघून घेतलं. दोन कॉप्या काढल्या. मास्टर २० एमबीपीएसला, पाच मिनिटांना साधारण ७५० एमबी, ही कॉलेजला पेनड्राइव्हवर. आणि युट्युबसाठी ८ एमबीपीएसला, ती ३०० एमबीच्या आसपास, १०८० ला युट्युब स्वतः तेवढंच सुचवतं. दोन्ही फाईली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर बघितल्या. फोनच्या स्पीकरवर काहिलीचा जड आवाज फारच कमी येतो, म्हणून त्या आवाजाचा वरचा भाग थोडा उचलून परत रेंडर लावला.

मराठी आणि इंग्रजी सबटायटलच्या फाईली वेगळ्या ठेवल्या. प्रोजेक्ट फोल्डर पूर्ण झिप करून डिस्कवर टाकलं. मामांसाठी एक कॉपी त्यांच्या भाच्याच्या फोनवर पाठवलीये, सीझन संपायच्या आत मुलाखतीतला दराचा भाग घेऊन परत जायचंय, त्यावर मामांशी बोलणं झालंय, ते म्हणाले पुढच्या आठवड्यात या, सौदा असतो त्या दिवशी.